छोट्या ऑफिसचा बॅकअप: हार्ड डिस्क, नॅस की क्लाउड?

दोन ते पाच कॉम्प्युटर, टॅली, एक्सेलच्या शेकडो फाइली आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ, सगळं मिळून ३००-४०० जीबी. कर सल्लागार असो, वकील असो की पॅथॉलॉजी लॅब, पसारा साधारण एवढाच. बॅकअपसाठी काय घ्यायचं असं विचारलं की दुकानदार नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) सुचवतो, घरातला भाचा क्लाउड म्हणतो आणि ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये एक पेनड्राइव्ह असतोच. (पेनड्राइव्ह या तुलनेत धरलेला नाही. फाइल इकडून तिकडे न्यायला तो ठीक आहे.) किमतीआधी दोन गोष्टी बघा: आपला डेटा नेमका कशाने जाऊ शकतो, आणि गेलाच तर काम पुन्हा सुरू व्हायला किती तास लागतील.

| काय घडलं | बाहेरची हार्ड डिस्क | नॅस | क्लाउड सिंक |
|---|---|---|---|
| चुकून डिलीट | जुनी प्रत ठेवली असेल तर मिळतं | स्नॅपशॉट (ठरावीक वेळच्या स्थितीची जपलेली प्रत) चालू असेल तर मिळतं | ठरावीक दिवसांतच मिळतं |
| रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) | काढून ठेवलेली डिस्क वाचते | नेटवर्कवर असल्याने सापडू शकतो | बिघडलेल्या फाइलीच वर जातात |
| पूर, आग, चोरी | दुसऱ्या जागी असेल तरच वाचते | कॉम्प्युटरबरोबरच जातो | वाचतं |
| ४०० जीबी परत आणणे | सव्वा तास, बारीक फाइली असतील तर तीन-चार | गिगाबिट केबलवर तेवढंच | १०० एमबीपीएसवर किमान ९ तास |

क्लाउड: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचं सिंक कॉम्प्युटरवर जे घडेल ते वर उमटवतं. फोल्डर उडवलं की वरचंही उडतं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं. एक्सेल-पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या, यांतली जी मर्यादा आधी येईल तोवरच मिळतात. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात ३० दिवस, ऑफिसच्या खात्यात ९३. आता कर सल्लागाराचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जुलैत रिटर्नच्या गडबडीत कोणी फोल्डर उडवलं, तर त्याची आठवण टॅक्स ऑडिटच्या वेळी सप्टेंबरात होते. तोवर ट्रॅश रिकामा झालेला असतो.

दुसरा सापळा स्ट्रीमिंगचा. गुगल ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप या पद्धतीत फाइलींची फक्त नावं दाखवतं, मजकूर उघडल्यावर खाली येतो. म्हणजे "कॉम्प्युटरवर एक, क्लाउडवर एक" असं आपण धरून चालतो आणि प्रत्यक्षात प्रत एकच असते. सेटिंगमध्ये 'मिरर' निवडलं तरच फाइली डिस्कवर राहतात.

टॅलीचा डेटा फोल्डर तर सिंकमध्ये कधीच ठेवू नका. टॅली चालू असताना फाइली उघड्या असतात. अर्धवट लिहिलेली फाइल वर जाते, दोन मशीनवरून दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि मग एके दिवशी कंपनी उघडतच नाही. संध्याकाळी एंट्री बंद झाल्यावर टॅलीतूनच बॅकअप घ्यावा (टॅलीप्राइममध्ये आल्ट-वाय, मग बॅकअप). तो तारखेच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावा, म्हणजे आजच्या बॅकअपखाली कालचा दबणार नाही. तेवढं फोल्डर वर पाठवावं.

क्लाउडचा खरा फायदा एकच आणि तो मोठा आहे: प्रत गावाबाहेर असते. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये तळमजल्यावरची ऑफिसं कपाटांसकट पाण्याखाली गेली. शेजारच्या कपाटात दुसरी प्रत असून अशा वेळी काही उपयोग नसतो. पहिल्या अपलोडला मात्र धीर लागतो. २० एमबीपीएस अपलोड असेल तर ४०० जीबी चढायला सलग ४४ तास, म्हणजे शनिवार-रविवार पूर्ण. प्लॅनवर लिहिलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, अपलोडचा आकडा मुद्दाम विचारून घ्या.

खातं कोणाच्या नावावर आहे हेही पाहा. ऑपरेटरच्या जीमेलवर सगळं चालू असेल, तर तो नोकरी सोडेल त्या दिवशी बॅकअपही गेला म्हणून समजा. खातं मालकाचं असावं, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) लॉगिन चालू असावं आणि गुगल देतं ते १० बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवावेत. ओटीपीचं सिम हरवलं तर आत शिरायला तेच कामी येतात.

बाहेरची हार्ड डिस्क: स्वस्त, पण शिस्त मागते

कामाला सुरुवात करायची तर यातूनच. घ्या मात्र दोन. एकीवर अ, दुसरीवर ब लिहा. आठवडाभर अ ऑफिसात, शुक्रवारी ती घरी आणि घरची ब ऑफिसात. बॅकअप झाला की केबल काढलीच पाहिजे. रॅन्समवेअरला जोडलेली प्रत्येक ड्राइव्ह दिसते आणि कायम लावून ठेवलेली डिस्क पहिल्याच तासात लॉक होते.

नुसतं कॉपी-पेस्ट करू नका आणि मिरर करणारा प्रोग्रॅमही डोळे झाकून वापरू नका. विंडोजमधल्या रोबोकॉपी या कमांडचा मिरर पर्याय मूळ फोल्डरमध्ये नसलेलं सगळं डिस्कवरूनही पुसतो. विंडोजची फाइल हिस्टरी किंवा फ्रीफाइलसिंक या प्रोग्रॅममधलं व्हर्जनिंग चालू केलं तर बदललेल्या फाइलीची जुनी प्रत बाजूला राहते.

बिघाडाची कारणं ठरलेली असतात. चालू डिस्क टेबलावरून पडते. रुंद, चपटं यूएसबी सॉकेट सैल होतं. 'इजेक्ट' न करता केबल ओढली जाते. डिस्क खट्-खट् वाजायला लागली तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, प्रत्येक वेळी आतली चकती आणखी खरवडते. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट मूळ बोर्डावरच असतं, त्यामुळे डबी फोडून आतली डिस्क दुसऱ्या केसमध्ये बसवण्याची युक्ती तिथे चालत नाही. वेग कमी वाटला तर आधी पोर्ट बघा: जुन्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या पुढे जात नाही, यूएसबी ३ वर १०० च्या आसपास मिळतात. डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. एनटीएफएस करून घ्या.

घरी-ऑफिसात फिरणारी डिस्क रिक्षात राहू शकते. तिच्यावर लोकांचे पॅन, आधार, रिपोर्ट असतात, त्यामुळे विंडोजच्या बिटलॉकरने लॉक करा. लॉक करायला विंडोज प्रो लागतं. विंडोज होममध्ये लॉक केलेली डिस्क उघडते, नवीन लॉक करता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हा मोफत पर्याय आहे. ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर छापा. ती त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करणारे महाभागही असतात.

नॅस: सांभाळणारा असेल तरच

दोन डिस्कचा नॅस म्हणजे नेटवर्कवरचा छोटा सर्व्हर. चार-पाच जण एकाच फोल्डरवर काम करत असतील तर त्याला तोड नाही. पण त्यातल्या रेड १ या पद्धतीत दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, त्यामुळे एक डिस्क बंद पडली तर काम थांबत नाही, एवढंच. फाइल डिलीट केली की दोन्हीकडून जाते.

इंटरनेटवर उघडा टाकलेला नॅस आयता सापडतो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीचे नॅस असेच गाठले. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (इंटरनेटवरून आत येण्याची दारं उघडणाऱ्या सेटिंग) बंद ठेवा, बाहेरून लागलंच तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट). बॅकअपचं फोल्डर प्रत्येकाच्या मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडू नका. बॅकअपसाठी वेगळा युजर करा आणि स्नॅपशॉट चालू करा. डिस्क घेताना सीएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे वेगवेगळे लिहिणारी) मागा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) असेल तर बंद पडलेली डिस्क बदलल्यावर रेड पुन्हा उभी राहायला फार वेळ लागतो. यूपीएस हवा, आणि यूएसबी केबलने नॅसला जोडलेला हवा, म्हणजे वीज गेल्यावर नॅस नीट बंद होईल. खोक्यावरचा भाव बहुतेक वेळा रिकाम्या डब्याचा असतो, डिस्क वेगळ्या. आणि ऑफिसातलं स्विच जुनं १०० एमबीपीएसचं असेल तर सव्वा तासाचं काम दहा तासांवर जातं.

कायद्याचा भाग

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्याप्रमाणे ८ आर्थिक वर्षं, शिवाय ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबांचा बॅकअप रोजच्या रोज भारतात असलेल्या सर्व्हरवर हवा. क्लाउडच्या साध्या खात्यात साठ्याचा देश निवडता येत नाही, म्हणून कंपनी असेल तर सेवा देणाऱ्याकडून जागेबद्दल लेखी घ्या.

कोणी काय घ्यावं

एक-दोन मशीनचं ऑफिस: दोन डिस्क आणि टॅली बॅकअपपुरतं क्लाउड. नॅस नको. तीन ते पाच मशीन आणि सामायिक फोल्डर: नॅस घ्या, पण त्याचा आठवड्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आणि महत्त्वाचं क्लाउडवर. अपडेट आणि अलर्ट बघणारं कोणी नसेल तर नॅसचे पैसे दोन चांगल्या डिस्कवर आणि ऑपरेटरच्या शुक्रवारच्या अर्ध्या तासावर घालवा. लॅब किंवा दवाखान्यात लॉक न केलेली डिस्क बाहेर नेऊच नये.

काहीही घेतलं तरी तिमाहीला एकदा रिस्टोअर करून पाहा. शक्यतो दुसऱ्या मशीनवर, नवीन रिकाम्या फोल्डरमध्ये. चालू डेटा फोल्डरवर जुना बॅकअप रिस्टोअर केला तर मधल्या एंट्री पुसल्या जातात. कंपनी उघडा, बॅकअपच्या तारखेचा ट्रायल बॅलन्स मूळ मशीनशी ताडून बघा, वेगवेगळ्या वर्षांच्या दहा पीडीएफ उघडा आणि किती वेळ लागला ते डिस्कच्या लेबलवर लिहून ठेवा.