चोरबाजारात मिळालेले 'ज्युए': प्रतिकृती पाहावी तर अशी

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरील एका दुकानातून मी 'ज्युए' या प्राचीन चिनी मद्यपात्राची पितळी प्रतिकृती विकत घेतली. शांग राजवटीत (सुमारे इ. स. पू. १६०० ते १०४६) अशी पात्रे मातीचे साचे जुळवून काशात ओतली जात आणि पूर्वजांना धान्याचे मद्य अर्पण करण्याच्या विधीत त्यांना मानाचे स्थान असे; १९७६ साली चीनमधील आन्यांग येथे उघडलेल्या शांग राणी फू हाओच्या थडग्यात काशाची दोनशेहून अधिक विधिपात्रे मिळाली, यावरून त्या मानाची कल्पना यावी.

कारागिराने तीन निमुळते पाय, लांब पन्हळ, मागची टोकदार शेपटी आणि काठावरचे दोन खुंट फार निगुतीने उतरवले आहेत, आणि पोटावरच्या पट्ट्यातून रोखून पाहणारे डोळे तर नजर खिळवून ठेवतात. देवघरातली पळी-पंचपात्री रोज हाताळणाऱ्याला त्या घडणीतली श्रद्धा लगेच ओळखू येते.

मात्र एक पाय किंचित आखूड असल्याने पात्र डुगडुगते. शिवाय दुकानदाराने 'जुना गंज' म्हणून दाखवलेला हिरवा थर ओल्या फडक्याला लागला. असे सांगणे मला अजिबात पटले नाही. आत कल्हई नाही, म्हणून हे शोभेसाठीच घ्यावे.