कॉट्सवोल्ड्सचा एक नकाशा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 45 हा पायी भटकणाऱ्यांसाठीचा एक्सप्लोरर नकाशा मार्चमध्ये घेतला, आता नोव्हेंबर लागलाय. एवढ्यात अकरा वेळा शनिवार-रविवार तो सॅकमध्ये होता. कॉट्सवोल्ड्सला, म्हणजे इंग्लंडमधल्या या टेकड्यांच्या आणि जुन्या खेड्यांच्या भागात, दोन दिवसांत काय बघू, असं कुणी विचारलं की मी ठिकाणांच्या आधी हा नकाशा सांगते.

पहिल्या खेपेला आम्हीही सगळे जातात तिथेच गेलो. बोर्टन-ऑन-द-वॉटरचे विंडरश नदीवरचे बुटके पूल, त्याच गावाची छोटी प्रतिकृती असलेलं 1937 सालचं मॉडेल व्हिलेज, बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही जुन्या दगडी घरांची ओळ. सुंदरच आहे सगळं. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी बोर्टनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. नकाशा उघडला तेव्हा कळलं, तिथूनच दीड मैल चाललं की लोअर स्लॉटर, आणि ओढ्याच्या काठाकाठाने आणखी मैलभरावर अप्पर स्लॉटर. गर्दी पहिल्या शेतापाशीच मागे राहिली.

नकाशातल्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. शेत कुणाचंही असो, त्या वाटेने चालायचा हक्क कायद्याने आहे. दुसऱ्याच्या बांधावरून जाताना मला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा वाट थेट एका गोठ्याला वळसा घालून गेली. मी थबकले, तर शेतकऱ्याने हातानेच ‘या, या’ केलं आणि फक्त फाटक लावून घ्यायला सांगितलं.

वाचायला नकाशा सोपा आहे. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि निळ्या रेषांचा प्रत्येक चौकोन बरोबर एक किलोमीटरचा. माझी आई जूनमध्ये तळेगावहून आली होती. तिला तासाला तीन चौकोन झेपतात, एवढं ठरवलं की दिवस आखता येतो. समोच्च रेषा दाटीवाटीने आल्या की चढ आला. ब्रॉडवे गावातून टेकडीवरच्या ब्रॉडवे टॉवर या मनोऱ्याकडे जाणारी वाट पाहिली आणि आईला गाडीनेच वर नेलं, कारण टॉवर समुद्रसपाटीपासून 312 मीटरवर आहे आणि गावातून दोनशे मीटरहून जास्त चढ.

पैसे वसूल झाले ते सेझिनकोटला. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा मुघल थाटाचा वाडा. त्याची बाग शनिवार-रविवारी बंद, त्यामुळे मी नाद सोडला होता. पण बोर्टन-ऑन-द-हिलहून (हे बोर्टन वेगळं) लाँगबरो गावाकडे जाणारी हार्ट ऑफ इंग्लंड वे ही लांब पल्ल्याची पायवाट नकाशावर चक्क त्या वाड्याच्या कुरणातून जाताना दिसली. फाटक ढकलून आत गेलो. चरणाऱ्या मेंढ्या, मोठे ओक, आणि त्यांच्या वर तांब्याचा हिरवट पडलेला कांद्यासारखा घुमट! आई वाटेतच उभी राहिली. “अगं, हे आपल्याकडचं इथे कुठे आलं?” दहा मिनिटं हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याच आग्रहाने डेल्सफर्डला गेलो. बंगालचा गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जने घराण्याच्या हातून गेलेली ही जहागीर 1788 मध्ये परत विकत घेतली आणि नवा वाडा बांधून घेतला, तोही त्याच वास्तुविशारद कॉकरेलकडून. चर्चच्या आवारात हेस्टिंग्जचं थडगं आहे, वर दगडी कलश आणि खाली नाव. आईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. 1779 मध्ये वडगावला इंग्रजांनी शरणागती पत्करून केलेला तह याच माणसाने कलकत्त्यात बसून धुडकावला, आणि 1782 मध्ये सालबाईचा तह होईपर्यंत लढाई चालली, हे तिने मला तिथेच उभं राहून पुन्हा शिकवलं. वडगाव आमच्या घरापासून चार-पाच मैलांवर. “शाळेत किती वेळा नाव घेतलं असेल याचं,” एवढंच म्हणाली आणि कलशाच्या कडेवरचं शेवाळ बोटाने जरा पुसलं.

आता अडचणी. मी साधा कागदी नकाशा घेतला, ती माझी चूक. पावसात भिजून घड्यांवर विरलाय, चार जागी चिकटपट्टी लावलीय. लॅमिनेट केलेलाच घ्या. पूर्ण उघडला तर वाऱ्यात दोन माणसांना धरावा लागतो, म्हणून हवा तो भाग वर येईल अशी घडी घरूनच घालून निघते. सोबतच्या कोडने तोच नकाशा मोबाइलवर येतो. दऱ्यांमध्ये रेंज जाते, तेव्हा आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि वाट कागदावर आहे म्हणजे त्या दिवशी चालता येईलच असं नाही. एप्रिलमध्ये गुडघाभर चिखल लागला होता. मे महिन्यात वासरांसह गाई वाटेतच बसल्या होत्या, तिथून आम्ही मुकाट मागे फिरलो. वासरं असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, कुत्रा बरोबर असेल तर मुळीच नको. रविवारच्या बसच्या वेळाही आधी पक्क्या करा. एकदा न आलेल्या बसची वाट पाहत आम्ही दीड तास थांबलो.

पहिल्यांदा जाणार असाल तर लंडनहून रेल्वेने मॉर्टन-इन-मार्शला उतरा. शनिवारी बोर्टन-ऑन-द-हिल ते लाँगबरो चाला, रविवारी सकाळी नऊच्या आत बोर्टन-ऑन-द-वॉटर पाहून स्लॉटर्सकडे निघा. आर्लिंग्टन रो पुढच्या वेळेला ठेवलं तरी चालेल.