सतरा किलोमीटर जाताना, सतरा येताना: दहा महिन्यांच्या वापरानंतर

घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर १७ किलोमीटर आहे आणि गेले दहा महिने, आठवड्यातून चार दिवस, मी ते सायकलने कापतो आहे. सुट्ट्या, आजारपण आणि निव्वळ आळसाचे दिवस वगळता आजवर साडेचार हजार किलोमीटरहून थोडे अधिक अंतर झाले आहे. सायकल साधी आहे: सरळ हँडल, ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आणि मागे आठ गिअर. सुरुवातीला सारी काळजी मला पायांची वाटत होती, आणि ती अनाठायी ठरली. पाय तीन आठवड्यांत तयार झाले. त्रास दिला तो शरीर सायकलला जिथे टेकते त्या जागांनी, म्हणजे हातांनी आणि बैठकीने. पाच किलोमीटरांत ज्या चुका जाणवतसुद्धा नाहीत, त्या सतराव्या किलोमीटरला दुखायला लागतात.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. पोहोचल्यावर सायकलला कुलूप लावताना किल्ली फिरवायला गेलो आणि बोटांत जोरच नाही असे लक्षात आले. करंगळी आणि अनामिका बधिर झाल्या होत्या आणि दुपारपर्यंत त्यांना मुंग्या येत राहिल्या. या दोन बोटांकडे जाणारी नस तळहाताच्या करंगळीकडच्या उशीजवळून जाते. हँडलवर रेलून त्याच जागी तासभर भार टाकला की ती दबते. मी आधी जाड हातमोजे आणले, त्यांनी फारसा फरक पडला नाही. कारणे दुसरीकडेच होती. सीटचे टोक किंचित खाली झुकलेले असल्यामुळे शरीर सतत पुढे घसरत होते आणि ते रोखण्याचे काम हात करत होते. शिवाय टायरच्या बाजूवर छापलेला ८५ पीएसआय हा आकडा मी आदेश समजून तेवढी हवा भरत होतो, वास्तविक ती कमाल मर्यादा असते. सीट सपाट केली, हवा पुढे ५५ आणि मागे ६० वर आणली, हँडलच्या टोकांना हात बदलून धरता येईल अशी शिंगे बसवली. तेव्हापासून बधिरपणा परतलेला नाही, आणि कमी हवेमुळे वेग घटेल ही भीतीही खरी ठरली नाही, कारण खडबडीत रस्त्यावर टणक टायर उसळ्या मारण्यातच जोर वाया घालवतो.

सीटची उंची हा दुसरा धडा. लाल दिव्यापाशी दोन्ही पाय टेकता यावेत म्हणून मी ती खाली ठेवली होती आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले होते. साधी कसोटी अशी की पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात योग्य तेवढाच बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरावे लागते, त्याची सवय आठवड्यात होते. याच सुमारास कुणाच्या तरी सल्ल्याने जाड, मऊ गादीची सीट घेतली, ती माझी सर्वांत वाईट खरेदी. पहिली दहा मिनिटे ती स्वर्ग वाटते. नंतर बसण्याची हाडे गादीत रुततात, मधला मऊ भाग वर येतो आणि जिथे दाब पडायला नको नेमका तिथेच पडतो. आता हाडांच्या अंतराला साजेशा रुंदीची, मध्ये खाच असलेली, हाताला कडकच लागणारी सीट आहे, आणि तिच्यावर बसलो आहे याची मला आठवणही राहत नाही.

वेळेचे म्हणाल तर पहिल्या महिन्यात सत्तर मिनिटे लागत, आता बावन्न ते अठ्ठावन्न लागतात. मोटारीने याच अंतराला कधी पस्तीस तर कधी ऐंशी मिनिटे लागायची, त्यामुळे सरासरीपेक्षा मला हा लहान फरक मोलाचा वाटतो. वेग वाढवण्याचा मोह मी सोडून दिला आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद त्यातच जाते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना समोरून १५ किलोमीटरचा वारा असेल, तर तोच वेग टिकवण्यासाठी जवळजवळ तिप्पट विरोधाशी झगडावे लागते. म्हणून वाऱ्याच्या दिवशी हलका गिअर टाकावा, वेग चारपाच किलोमीटरने पडू द्यावा आणि उशिरा पोहोचावे. चढ निदान संपतो तरी, आणि तो दिसतोही. वाऱ्यावर मात्र माझा खरोखरच राग आहे.

घामाविषयी सर्वजण विचारतात. पाठीवरची बॅग काढून सामान मागच्या कॅरिअरच्या बाजूला अडकवणाऱ्या पिशवीत टाकले, तेव्हा निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा शेवटचे दोन किलोमीटर मुद्दाम रेंगाळत चालवल्याने सुटतो. पोहोचल्याबरोबर अंग धुवायला धावू नये, कारण थांबल्यावरही दहा मिनिटे घाम येतच राहतो आणि धुतलेले अंग पुन्हा ओले होते. आठवड्याचे कपडे मी सायकल न नेण्याच्या दिवशी एकदम नेऊन ठेवतो. ज्यांच्या कामाच्या ठिकाणी अंग पुसून कपडे बदलण्यापुरतीही जागा नाही, त्यांना हे अंतर मी सुचवणार नाही.

एवढ्या वापरात सायकल सतत काहीतरी मागत राहते. पाच वेळा पंक्चर झाले, त्यांतली तीन सलग तीन आठवड्यांत, मागच्याच चाकात. दोनदा नुसती ट्यूब बदलून पुढे गेलो होतो. तिसऱ्या वेळी टायर पूर्ण काढला आणि आतून कापूस फिरवला, तेव्हा एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे टायरच्या आरपार गेलेली पोलादी तार होती, भुवईच्या केसाएवढी बारीक. मालमोटारींचे टायर फाटतात तेव्हा त्यांतल्या अशा तारा रस्त्याच्या कडेला विखुरतात, आणि सायकलवाला नेमका कडेनेच जातो. तार बोटाने लागत नव्हती, चिमट्याने ओढली. आता जुन्या ट्यूबमधले भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरवर तीच जागा आधी तपासतो. पिशवीत एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, ठिगळे आणि छोटा पंप कायम असतो.

चेन दर दीडशे किलोमीटरनंतर पुसून तेल देतो, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. नव्या चेनच्या चोवीस कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. एक षोडशांश इंचाने वाढल्या की चेन बदलावी, नाहीतर ती मागची दातेरी चाकेही झिजवते आणि खर्च कितीतरी वाढतो. माझी चेन साडेतीन हजार किलोमीटरला या खुणेपर्यंत आली. एकदा घाईत तेलाचा फवारा मारला आणि तो मागच्या डिस्कवर उडाला. ब्रेक किंचाळू लागला आणि धरेनासा झाला. डिस्क साफ झाली, पण तेल प्यायलेले ब्रेक पॅड टाकूनच द्यावे लागले. तेव्हापासून एकेका कडीवर एकेक थेंब सोडतो.

पाऊस वाटला तेवढा जाचक नाही, मात्र मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत. अंधाराची धास्ती जास्त. मागचा दिवा एका संध्याकाळी वाटेत विझला आणि तो विझल्याचे मला घरी आल्यावरच कळले. आता मागे दोन दिवे असतात. उभ्या मोटारींपासून दार उघडले तरी लागणार नाही एवढे अंतर ठेवतो आणि वळणाऱ्या मोठ्या वाहनाच्या आतल्या बाजूला कधीही शिरत नाही, त्यासाठी चार मिनिटे थांबावे लागले तरी चालते.

थकवा दिवसांगणिक साचतो. दोन दिवस सलग छान जातात आणि तिसऱ्या सकाळी जिना चढतानाच पोटऱ्या जड लागतात, म्हणून मधला वार सुट्टीचा. परतीचा प्रवास नेहमीच अधिक अवघड जातो आणि त्याचे कारण बहुधा भूक असते. निघण्याआधी अर्धा तास थोडे खाल्ले की तोच रस्ता सोपा होतो. ज्यांचे गुडघे आधीपासून कुरकुरतात किंवा ज्यांच्या वाटेवर मोठे चढ आहेत, त्यांनी एवढ्या अंतरासाठी विजेची मदत असलेल्या सायकलचा विचार आधी करावा.

सध्या मागचा टायर मधोमध झिजून सपाट झाला आहे. या आठवड्यात पुढचा टायर मागे जाईल आणि नवा पुढे बसेल, कारण पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही.