स्टेअरिंगमधला प्ले काढला, त्याला काही महिने झाले : जुन्या फोर बाय फोरचा अनुभव

प्ले म्हणजे चाकं न वळता स्टेअरिंगची किंवा एखाद्या सांध्याची होणारी मोकळी हालचाल. आधी निकाल सांगतो. गाडी आता मोकळ्या रस्त्यावर आपली रेघ धरून चालते, आणि त्यासाठी नवा स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकं वळवणाऱ्या दांड्यांपर्यंत पोचवणारी गिअरपेटी) घालावा लागला नाही. सल्ला मात्र जो तो तोच देत होता.

गाडीची मांडणी जुन्या ऑफ-रोड गाड्यांत सर्रास दिसते तीच: पुढे सलग अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग, अ‍ॅक्सलला आडवं धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड, रीसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा (आत गोळ्या फिरणारा) बॉक्स आणि पॉवर स्टेअरिंग. अशा बॉक्समध्ये थोडी मोकळी हालचाल असतेच. आजच्या रॅक-पिनियनच्या कारसारखं टोकदार स्टेअरिंग यात मिळणार नाही. पण माझ्या गाडीत स्टेअरिंगची रिम दोनेक इंच फिरली तरी चाकं ढिम्म असायची. बाजूने ट्रक गेला की गाडी भरकटायची, आणि एकाच चाकाने खड्डा घेतला की स्टेअरिंग हातात थडथडायचं.

तपासणीची सगळ्यात उपयोगी पद्धत फुकटची आहे. गाडी चारही चाकांवर उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने बाजूने वाकून एकेक सांधा बघायचा. गाडी जॅकवर घेऊन हे करू नका. सांध्यांवर भार नसला की बराचसा प्ले दिसतच नाही. नुसत्या डोळ्यांवरही विसंबू नका. सांध्याच्या दोन्ही भागांवर मिळून बोट ठेवलं की एक भाग आधी हलतो आणि दुसरा मागून, ते लगेच कळतं. बोट मात्र चिमटणार नाही अशा बेताने ठेवा.

माझ्याकडे दोष एकाच जागी नव्हता. कॉलमखालच्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट किंचित सैल, ड्रॅग लिंकचा (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) एक बॉल जॉइंट पार गेलेला, टाय रॉडचा (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीचा) एक एंड त्याच वाटेवर. सुटं पाहिलं तर प्रत्येक ठिकाणी केसभर फरक, पण रिमपर्यंत पोचेतो त्या सगळ्याची बेरीज होते.

खरा चोर पॅनहार्ड रॉड निघाला. स्टेअरिंग हललं की चाक वळायच्या आधी अख्खा अ‍ॅक्सलच आडवा सरकत होता. बुश (सांध्यातली रबरी अस्तरं) फाटलेले होतेच, ते बदलून काम भागलं असतं असं वाटत होतं. पण बोल्ट काढल्यावर ब्रॅकेटचं भोक बघितलं: वरखाली गोल आणि आडवं ताणलेलं, कडा घासून आरशासारख्या चकचकीत. अशा भोकात नवा बुश घालून उपयोग शून्य, कारण बोल्टच आत खेळतो. ब्रॅकेटवर योग्य मापाच्या भोकाची जाड चकती वेल्ड करून घेतली आणि बोल्टही नवा घातला. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवरच हवं. गाडी उचललेली असताना आवळला तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाकांचंही बघून घेतलं. चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती) किंवा तिथला बॉल जॉइंट. माझ्याकडे एका बाजूची बेअरिंग आवळून भागलं.

आता बॉक्सवरचा तो चेक नटवाला स्क्रू. प्ले दिसला की बरेच जण पहिल्यांदा पाना तिथेच लावतात. हा स्क्रू आतल्या दात्यांमधली फट कमी करतो, आणि बॉक्सची रचनाच अशी की सरळ चालताना, म्हणजे मधोमध, ती फट सगळ्यात कमी असते. जास्त आवळला की स्टेअरिंग मध्यावर अडकतं, वळण संपल्यावर आपोआप परत येत नाही आणि दाते झिजतात. मी बाकी सगळं झाल्यावर, चाकं सरळ ठेवून, अगदी नखभर फिरवला. बॉक्स चासीला धरणारे बोल्ट आणि त्याभोवतीची चासी मात्र जरूर बघा. जड टायर लावलेल्या गाड्यांत तिथे तडे जातात.

शेवटी टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते माप) गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावून घेतला. सस्पेन्शन उंच केलेली गाडी असेल तर कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) मोजून घ्या. तो कमी झाला की एकही सांधा सैल नसताना गाडी भरकटते, आणि माणूस उगाच पार्ट बदलत बसतो.

काही महिने चिखल, दगड आणि ओढ्यातलं पाणी झाल्यावर काय टिकलं? वेल्ड केलेलं ब्रॅकेट जसंच्या तसं आहे. ग्रीस निपलवाले एंड घेतले ते बरं झालं, पाण्यातून आल्यावर ग्रीस मारलं की जुनं गढूळ ग्रीस बाहेर पडताना दिसतं. एका एंडचं रबरी बूट मात्र एवढ्यातच चिरलं, त्या पार्टवर मी नाराज आहे. सगळ्यात कमी गुण नव्या स्टेअरिंग डँपरला. थडथड पॅनहार्डचं काम झालं तेव्हाच गेली होती. डँपरने हाताला लागणारे धक्के जरा मऊ झाले, इतकंच. तो आधी लावला असता तर ते ताणलेलं भोक आणखी काही काळ झाकलं गेलं असतं.

रिमवर अजून बोटभर प्ले आहे. तो बॉक्सच्या आतला आहे, वाढत नाहीये, म्हणून तूर्त त्याला हात लावणार नाही. बोल्टांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून ठेवल्यात, प्रत्येक ऑफ-रोड फेरीनंतर खाली वाकून रेघ जुळते का तेवढं बघतो. आतापर्यंत फक्त पॅनहार्डचा बोल्ट एकदा पुन्हा आवळावा लागला, तोही सुरुवातीलाच.