वर्डप्रेस, जनरेटर की हातानं लिहिलेली पानं? एका बारववेड्याचा हिशेब

गेली काही वर्षं मी बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, बघत फिरतो. पाणी खाली गेलं की पायऱ्या नीट दिसतात, म्हणून मार्च ते मे भटकायचं, जूनला नोकरीत बुडायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत नोंदी साइटवर चढवायच्या, असा माझा क्रम. पुढचं सगळं या क्रमावर ठरलंय, म्हणून आधीच सांगून टाकलं. तुम्ही रोज लिहिणारे असाल तर तुमचा कौल वेगळा पडू शकतो.

साइट करायची ठरवली तेव्हा थोडंफार एचटीएमएल (पान लिहायची भाषा), त्याहून थोडं कमी सीएसएस (पान सजवायची) आणि बरीचशी हौस, एवढंच भांडवल होतं. तीन वाटा होत्या. तिन्ही चालून बघितल्या.

वर्डप्रेस म्हणजे लॉगिन करून लिहायची तयार व्यवस्था. तिच्यावर एका दुपारीत साइट उभी राहते, यात वाद नाही. नंदा, भद्रा, जया, विजया (प्रवेश एक की दोन, तीन की चार, यावरून पडलेले बारवांचे प्रकार) अशा चार कॅटेगऱ्या केल्या की नोंदी आपोआप जागच्या जागी बसतात. फोनवरूनही लिहिता येतं. मराठी शीर्षकांचं मात्र एक बघून घ्या. लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, नऊ जागा खातं आणि लिंकमधल्या नावाला मर्यादा दोनशेची. ‘लिंबची बारा मोटांची विहीर’ असं शीर्षक दिलंत तर हिशेबानं शेवटचा ‘र’ गळतो आणि विहिरीची ‘विही’ होते. लिंकचं नाव हातानं बदलता येतं, त्यामुळे हे काही मोठं दुखणं नाही. दुखणं दिवाळीत कळतं. नोंद लिहायला बसावं तर समोर अपडेट्सची रांग. ते न करावेत तर सुरक्षेची धास्ती, करावेत तर एखाद्या प्लगइनचं (वरून जोडलेल्या सोयीचं) आणि थीमचं (साइटच्या तयार रूपाचं) बिनसतं. माझी फोटोंची गॅलरी एकदा अशीच रुसली.

मग स्टॅटिक साइट जनरेटर. जेकिल, ह्यूगो, इलेव्हन्टी ही त्यातली परिचित नावं. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा वापरून, लिहायचा, एक कमांड द्यायची, सगळी पानं तयार. ना डेटाबेस, ना लॉगिन. कल्पना म्हणून मला ही सगळ्यात देखणी वाटली आणि अजूनही वाटते. मी यातला एक घेतला, फुकटची एक थीम लावली, उन्हाळाभर मजेत काम केलं.

दिवाळीत परत आलो. मध्यंतरी लॅपटॉप बदलला होता, त्यामुळे जनरेटर नव्यानं टाकला, अर्थात नव्या आवृत्तीचा. थीम जुनीच, आणि ती करणाऱ्यानं बहुधा तिचा नाद सोडलेला. कमांड दिली तर पडद्यावर लाल ओळीच ओळी. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. चढवायची नोंद होती सहा ओळींची! आवृत्ती लिहून ठेवायला हवी होती, हे मला कुणीही सांगेल. पण नवशिक्याला ही अक्कल ठेच लागल्यावरच येते, आणि मला आणखी ठेचा नको होत्या.

तेव्हापासून पानं हातानं लिहितो. आता सदतीस आहेत. या पद्धतीची सगळ्यात मोठी खोट म्हणजे मेनू प्रत्येक पानात स्वतंत्र लिहिलेला असतो, एक शब्द बदलायचा तर सदतीस ठिकाणी. मी व्हीएस कोड या एडिटरमध्ये सगळ्या फाइलींत एकदम शोधून बदलतो, मिनिटभराचं काम. फोटोंच्या नावांनी मात्र छळलं. विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल खपून जातं, सर्व्हरवर खपत नाही. घरी दिसणारे निम्मे फोटो चढवल्यावर गायब. आता सगळी नावं स्मॉलमध्ये.

हातानं लिहिताना मराठीकडेही लक्ष जातं. यूटीएफ-८ ची ओळ (अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी) विसरलात तर मजकुराचा खिचडा होऊ शकतो. पानाची भाषा मराठी म्हणून सांगितलीत तर काही फॉन्टांत ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.७ पट ठेवलं की वेलांट्या-उकार एकमेकांना टेकत नाहीत. तयार थीममध्ये हेच शोधत बसावं लागतं.

गिटहब पेजेसवर ही पानं फुकट राहतात. फुकट खात्यात त्यासाठी रिपॉझिटरी (फायलींचा साठा) सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी लागते आणि साइटला १ जीबीची मर्यादा आहे. फोनमधले फोटो आकारानं लहान करून टाकले तर ती सहज पुरते.

माझ्या मामेबहिणीला पाककृतींची साइट करायची होती, तिला मी वर्डप्रेसच सुचवलं. ती आठवड्याला दोनदा लिहिते, तेही फोनवरून. अपडेट्सची रांग तिच्याकडे साचतच नाही. तुमच्या नोंदी तीनशेच्या घरात जाणार असतील तर जनरेटर शिकून घेतलेला बरा, फक्त आवृत्ती कुठेतरी लिहून ठेवा. पण छंद माझ्यासारखा हंगामी असेल, तर मी आपला साध्या फायलींच्या बाजूचा. मे महिन्यात ठेवलेलं पान ऑक्टोबरात तसंच उघडतं. जुन्या पानाची नक्कल करायची, गावाचं नाव बदलायचं, फोटो टाकायचा.

सदतीसची शंभरी झाली की मेनूचं काय करायचं ते तेव्हा बघू.