कॉलेजचं बेसबॉल स्टेडियम: जुनंच सुधारायचं की नवं बांधायचं?

विद्यापीठ स्टेडियमबद्दल पाठवतं ती प्रश्नावली बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एकीकडे जुनं स्टेडियम जागच्या जागी सुधारण्याचा पर्याय, दुसरीकडे कॅम्पसच्या कडेला नवं बांधण्याचा, आणि शेवटी देणगीचा रकाना. अमेरिकेच्या दक्षिणेत विद्यापीठाच्या गावात राहत असाल, सीझन तिकीट असेल किंवा मूल तिथं शिकत असेल, तर ती कधीतरी तुमच्याही हातात पडेल. आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा तिकीटधारकांच्या सल्लागार गटात मी होतो. दोन्ही बाजू जवळून पाहिल्या, मत दिलं आणि ते आजही कायम आहे. तुमच्या गावची जागा, तुमचा संघ वेगळा असेल, तेव्हा माझं ऐकून घ्या आणि तुमचं तुम्ही ठरवा.

आधी पैशांचं बोलू. नूतनीकरण म्हणजे स्वस्त, हा समज आमच्या गटातही होता. मिसिसिपी स्टेट विद्यापीठानं स्टार्कव्हिलचं डूडी नोबल फील्ड हे आपलं मैदान आहे त्याच जागी जवळजवळ नव्यानं उभारलं. ते काम २०१९ मध्ये पुरं झालं आणि खर्च आला सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर. फ्लोरिडा विद्यापीठानं गेन्सव्हिलमध्ये दुसऱ्या जागेवर नवंकोरं स्टेडियम बांधलं, ज्यात २०२१ पासून सामने होतात. त्याला लागले साधारण ६ कोटी ५० लाख. केंटकीनं लेक्सिंग्टनमध्ये २०१९ च्या हंगामासाठी नवं बांधलं ते ४ कोटी ९० लाखांत. सोयी आणि आसनं सगळीकडे सारखी नाहीत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून हिशोब मांडणं बरोबर नाही. पण जुनं ठेवलं की पैसे वाचतात असं कुणी ठामपणे सांगितलं, तर त्यांना अंदाजपत्रक मागा. पाडकाम, जमिनीखालच्या जुन्या लाइन, आणि दोन हंगामांच्या मधल्या मोजक्या महिन्यांत बसवायचं काम, यात पैसा भराभर जातो.

हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि संघ चांगला असला तर जूनपर्यंत चालतो. म्हणजे जुन्या जागेवरच्या कामाला उन्हाळा आणि हिवाळ्याची सुरुवात एवढाच वेळ मिळतो. स्टार्कव्हिलला २०१८ चा हंगाम अर्धवट बांधकामातच खेळावा लागला. नवं बांधताना ही अडचण येत नाही. संघ जुन्यात खेळत राहतो आणि एका फेब्रुवारीत सामानसुमान घेऊन नव्यात जातो.

आता जुन्याच्या बाजूनं, कारण ती बाजू भक्कम आहे आणि मला ती मनापासून पटते. डूडी नोबलच्या डाव्या आउटफिल्डमागे, म्हणजे कुंपणाजवळच्या मैदानाच्या डाव्या भागामागे, लेफ्ट फील्ड लाउंज आहे. साठच्या दशकात लोक पिकअप ट्रक कुंपणाला लावून मागच्या पाट्यावर बसून सामना बघायला लागले, मग त्यावर फळ्यांचे मजले चढले, शेगड्या पेटल्या, आणि एकेका कुटुंबाची जागा पिढ्यान् पिढ्या ठरून गेली. तिथं बसून सामना बघताना फलंदाजाआधी भाजलेल्या मांसाच्या धुराची ओळख होते. असली गोष्ट कुठल्याही आर्किटेक्टच्या आराखड्यात नसते, ती जागेवरच रुजते. कॅम्पसवरच्या सामन्याला झालेल्या गर्दीचा विक्रमही याच मैदानाच्या नावावर आहे: एप्रिल २०२३, समोर ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ), प्रेक्षक १६,४२३. नूतनीकरणाचा एवढा चांगला दाखला दुसरा मला माहीत नाही.

मात्र तिथंही ते जुने ट्रक-ट्रेलर गेले आणि त्यांच्या जागी एकसारखे पक्के मंडप आले. जागा राहिली, रूप बदललं. तेव्हा ‘आठवणी जपण्यासाठी जुनंच ठेवा’ असं कुणी म्हणालं, तर नेमकं काय जपलं जाणार आहे, ते विचारायला हवं. उलट लुइझियाना स्टेटनं नवं बांधूनही बरंच जपलं. त्यांचं जुनं अ‍ॅलेक्स बॉक्स स्टेडियम १९३८ चं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत मारल्या गेलेल्या त्यांच्याच एका खेळाडूचं नाव त्याला दिलं होतं. २००९ मध्ये संघ हाकेच्या अंतरावरच्या नव्या स्टेडियमात गेला, ते नाव बरोबर घेऊन. त्याच वर्षी ते राष्ट्रीय विजेते झाले. साउथ कॅरोलायनाही २००९ मध्येच नव्या मैदानात गेलं आणि २०१०, २०११ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी मिळवली. नव्या जागेचा गुण म्हणून हे सांगत नाही, मिसिसिपी स्टेटही २०२१ मध्ये सुधारलेल्या जुन्या मैदानातून विजेतं झालंच. एवढंच म्हणायचंय की जुनी जागा सोडली की नशीब फिरतं, ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

आमच्या गटात कॉनकोर्सवर, म्हणजे प्रेक्षकांच्या ये-जा करायच्या आणि खाण्याच्या दुकानांच्या वाटेवर, खूप चर्चा झाली. स्टँडखालच्या बोगद्यात खाण्यासाठी रांगेत उभं राहायचं, वरून आरडाओरडा ऐकू यायचा आणि काय झालं ते कळायचं नाही, याला सगळेच कंटाळले होते. खुला कॉनकोर्स दोन्ही पर्यायांत मिळू शकतो, म्हणून मी त्यावर वेळ घालवणार नाही. लॉकर रूम, बुलपेन (पिचरची सरावाची जागा), कृत्रिम गवत यांचंही तेच. पैसे असले की हे सगळं कुठंही होतं.

माझं मत ठरलं ते सूर्यामुळे.

बेसबॉलच्या अधिकृत नियमांत म्हटलंय की होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) पट्टीवरून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी, तसं असणं इष्ट. सक्ती नाही. तशी दिशा असली की मावळता सूर्य फलंदाजाच्या आणि होम प्लेटमागच्या प्रेक्षकांच्या पाठीशी राहतो. आमचं जुनं मैदान फार पूर्वी रस्ता आणि वसतिगृहांच्या मधल्या तुकड्यात बसवलेलं, आणि त्याचं तोंड जवळजवळ पश्चिमेला. संध्याकाळी साडेसहाच्या सामन्यात पहिल्या दोन-तीन इनिंग फलंदाज भुवया आक्रसून उभा असायचा, कॅचरच्या मागे अंपायर मान तिरकी करून बघायचा, आणि सगळ्यांत महागडी तिकिटं घेतलेले आम्ही डोळ्यांवर हात धरून बसायचो.

भारतात हे समजावून सांगताना मी नेपियरचा सामना सांगतो. जानेवारी २०१९, भारत-न्यूझीलंड एकदिवसीय, भारताची फलंदाजी चालू, आणि सूर्य डोळ्यांत जातो म्हणून खेळ अर्धा तास थांबला होता. क्रिकेटच्या खेळपट्ट्या साधारण उत्तर-दक्षिण असतात, तिथली पूर्व-पश्चिम आहे. आमच्याकडे प्रत्येक संध्याकाळ नेपियरची होती, फक्त खेळ थांबत नव्हता.

एकदा साताऱ्याहून बाबा आले होते, त्यांना घेऊन गेलो. होम प्लेटमागच्या जाळीवरून एक उंच फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, आला. आमच्या रांगेत कुणालाच तो दिसला नाही, कारण तो सरळ उन्हातून खाली येत होता. पुढच्या रांगेतल्या बाईंनी उगाच डोकं झाकलं, मी बाबांच्या खांद्यावर हात टाकला, आणि चेंडू त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर आदळून खालच्या पायऱ्यांवर टणटणत गेला. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या इनिंगला ते उठून कडेला, तिसऱ्या बेसच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि सूर्य मावळेपर्यंत तिथंच थांबले.

यावर उपाय काढता येईल असं नूतनीकरणाच्या बाजूचे लोक म्हणत होते. फलंदाजाच्या समोरचा, सेंटर फील्डमागचा काळा पडदा उंच करू, जाळी वाढवू, छत पुढे आणू. छतानं कलता सूर्य अडत नाही, तो छताखालून येतो. जाळीनं चेंडू अडतो, पण फलंदाजाचं काय? आणि पडदा नेमका कुठं लावायचा? फेब्रुवारीत हंगाम सुरू होताना सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो. मेअखेर तो सरकत सरकत पश्चिमेच्या बराच उत्तरेला जातो. आमच्या अक्षांशावर हा फरक चाळीस अंशांच्या आसपास भरतो. एका महिन्यात कामी येणारा पडदा दुसऱ्या महिन्यात निरुपयोगी. मैदानच फिरवायचं म्हटलं तर स्टँड, डगआउट, दिव्यांचे खांब, सगळंच पाडावं लागतं, मग त्याला नूतनीकरण म्हणण्यात अर्थ राहत नाही. तिकीटदर, कॉनकोर्स, लॉकर रूम हे पुढेमागे सुधारता येतं. चुकलेली दिशा पुढची पन्नास वर्षं तशीच राहते.

नव्या जागेची जोखीमही आहे, आणि ती लहान नाही. वारा कसा वाहील, चेंडू किती उडेल, हे आधी नीट सांगता येत नाही. ओमाहात कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणारी शेवटची स्पर्धा, २०११ मध्ये जुनं रोझेनब्लाट स्टेडियम सोडून डाउनटाउनच्या नव्या मैदानात गेली, आणि २०१३ व २०१४ या दोन्ही वर्षी अख्ख्या स्पर्धेत तीन-तीनच होमरन (बहुधा कुंपणापार जाणारे फटके) झाले. बॅटचे नियमही २०११ पासूनच कडक झाले होते, तेव्हा सगळा दोष मैदानाला देणं बरोबर नाही. २०१५ पासून कमी उंच शिवणीचा, जास्त लांब जाणारा चेंडू आला. तरी मोठ्या आउटफिल्डवर समोरून येणारा वारा काय करतो, ते तिथं दिसलं.

दुसरी जोखीम अंतराची. मंगळवार-बुधवारच्या सामन्याला विद्यार्थी वर्ग संपवून चालत येतात. बस पकडावी लागली की त्यातले बरेच येत नाहीत, असा माझा अनुभव आहे. शिवाय जुनी जागा रिकामी का हवी आहे, तेही विचारा. गेन्सव्हिलमध्ये जुन्या बेसबॉल मैदानाच्या जागी फुटबॉलचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. त्यात गैर काही नाही, पण बेसबॉलच्या नावानं देणगी देणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

मी नव्याच्या बाजूनं मत दिलं, दोन अटी लिहून: वसतिगृहांपासून पंधरा मिनिटांत चालत पोचता यावं, आणि होम प्लेटची रेषा पूर्व-ईशान्येला असावी. तुमच्या जुन्या मैदानाची दिशा बरोबर असेल, तर बहुधा मी तुम्हाला जुनंच सुधारायला सांगेन. स्टार्कव्हिलनं ते किती छान होतं हे दाखवलंय. दिशा नकाशावर बघू नका. एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळच्या सामन्याला जा, पहिल्या तीन इनिंग होम प्लेटमागे बसा, मग पहिल्या बेसच्या बाजूला जाऊन बसा. तिथं दिशा बरोबर असली तरी थोडं ऊन तोंडावर येतंच, तेवढं धरून चाला. पिचरनं चेंडू सोडण्याआधी फलंदाज भुवया आक्रसतोय का, तेवढं बघा, आणि मग प्रश्नावली भरायला घ्या.