माथेरानच्या जुन्या बंगल्यात: नऊ महिने, चार मुक्काम

गेल्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंत बाबांना घेऊन माथेरानच्या एकाच बंगल्यात चार वेळा राहून आले. बंगला इंग्रजांच्या काळातला, आता त्याचं हॉटेल झालंय. पहिल्या मुक्कामानंतर लगेच लिहिलं असतं तर बंगल्यावर अन्याय झाला असता.

जूनमध्ये मी चिडूनच परतले. फोटो सगळे जुन्या व्हरांड्याचे, आणि खोली मिळाली मागे नव्याने बांधलेल्या इमारतीत. भिंतीला ओल, गादीला कुबट वास, आणि भाडं मात्र बंगल्यातल्या खोलीएवढंच! बुकिंग करताना ‘मूळ बंगल्यातलीच खोली’ असं मेसेजवर लिहून घ्या.

ऑगस्टपासून मूळ बंगल्यात राहिलो. पावसाळ्यात धुकं खिडकीच्या झडपांतून थेट पलंगापर्यंत येतं. टॉवेल दोन दिवस वाळत नाही, वीज जाते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी या दिवसांत जाऊ नये. पण पहाटे शीळकरी कस्तूर पक्षी गायला लागतो ना, अगदी माणसाने रमतगमत शीळ घालावी तसा! बाबा शाल गुंडाळून अंधारातच बाहेर येऊन बसायचे.

बंगल्याचं खरं मोल कळलं ते ऑक्टोबरच्या उन्हात. जांभ्याच्या जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, आणि चारही बाजूंनी खोल व्हरांडा. खोलीच्या भिंतीवर ऊन पडतच नाही. तापलेली हवा वर जाऊन आढ्याजवळच्या झरोक्यांतून निघून जाते. भर दुपारी पंखा बंद करून आम्ही झोपलो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आले आणि त्यानंतर बंगले उभे राहत गेले. पंख्यांच्या आधीचं हे बांधकाम आहे, ते राहिल्याशिवाय समजत नाही.

व्हरांड्यात लांब हातांची सागवानी आरामखुर्ची आहे. तिच्या उजव्या हातावर, कप ठेवायच्या जागी, लाकूड बशीएवढं गोल काळवंडलंय. बाबा चहाचा कप बरोबर तिथेच ठेवतात.

जेवण साधं. सकाळचं ऑम्लेट-पाव उत्तम, रात्रीच्या भाज्या एकाच रश्शातल्या. माकडं खिडकीची कडी काढतात, त्यामुळे फळं बॅगेतच ठेवा.

गुडघेदुखी असेल तर आधी विचार करा. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे अमन लॉज स्टेशनहून छोटी शटल रेल्वेगाडी, आणि माथेरान स्टेशनपासून बंगल्यापर्यंत लाल मातीचा चढ. बाबांना घोडा नको वाटतो, म्हणून आम्ही थांबत थांबत चालतो. फेब्रुवारीत मात्र नेरळहून छोट्या गाडीनेच गेलो. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने घातलेली, १९०७ पासूनची ही २१ किलोमीटरची लाइन. वेळ भरपूर लागतो, पण बाबा सबंध वाट खिडकीला चिकटून होते.

मे महिन्यासाठी पूर्वेकडची कोपऱ्यातली खोली सांगून ठेवलीय. आरामखुर्ची त्याच खोलीसमोर आहे.